मनिलावालीचा रोजा

पनवेलला खोली शोधत फिरत होते तेव्हा घरमालक काय काय विचारतात ते मला तोंडपाठ झालं होतं. लग्न झालंय का, नाही तर का नाही, नोकरीत शिफ्ट आहे म्हणजे येण्याजाण्याला काही धरबंध नाही का, आणि मग जरा घुटमळून, तुम्ही लोक कोण? ज्यांच्याकडे शेवटी खोली मिळाली त्या चाचांनी यातलं काहीच विचारलं नाही. लुंगी, बनियन, कानावर पेन्सिल अशा अवतारात ते दारात आले आणि म्हणाले, "गाव?"

"मंगळवेढा. सोलापूरकडे."

"पाऊस किती पडतो?"

आता काय सांगणार? "पडतो कधीतरी," मी म्हटलं.

"थंडी?"

"असते. कोरडी."

"वारा?"

"त्याला काही तोटा नाही."

त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "दुष्काळातली हाय गं! वरची खोली देतो. खाली ओल हाय, हिला मानवायची नाय."

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "आधी तिचं नाव तरी विचारा!"

नाव त्यांनी विचारलं चौथ्या महिन्यात. तोवर मी 'मंगळवेढा' झाले होते आणि पुढेही तेच राहिले. "मंगळवेढा, कपडे काढ, पाऊस आला." "मंगळवेढा, चाचीनं सांदणं केलीत, खाली ये." मी तळोज्याला एका रसायनाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होते. दिवसभर मॅडम, मॅडम ऐकून घरी यावं आणि कुणीतरी आपल्याला आख्ख्या गावाच्या नावानं हाक मारावी, याचं मला पुढे पुढे फार बरं वाटायला लागलं.

चाचा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर फिटर होते. जहाज सोडून पनवेलच्या जुन्या बाजारामागच्या आपल्या घरी आले आणि गच्चीवर ऑर्किडं लावून बसले. बसले म्हणजे दिवसाचे आठ तास गच्चीवरच. पण त्या गच्चीवर कुंडी अशी एकही नव्हती. लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या, नारळाची सोडणं, आंब्याच्या फांद्यांचे ओंडके, आणि त्यांना बांधलेली झाडं, मुळं हवेत लोंबकळत. पहिल्याच आठवड्यात मला त्या उघड्या मुळांची कीव आली आणि मी कुठूनशी ओंजळभर लाल माती आणून एका टोपलीत घातली. चाचा ती माती बोटांनी कणकण काढत बसले. म्हणाले, "माती कशाला? पुरायचं हाय का तिला? झाडावर राहनारी बाई हाय ती. जंगलात वरच्या फांदीवर बसून मजा बघते, हवा खाते."

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दोनदा तरी यायचं: ज्या गावचं झाड, त्या गावचा पाऊस. गच्चीच्या कठड्यावर त्यांनी ऑइलपेंटनं गावांची नावं रंगवली होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीतला कोपरा 'आंबोली'. तिथे आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी आणि तिच्या बहिणी. पूर्वेच्या उन्हात 'मनिला'. आणि तिसऱ्या कोपऱ्यात 'शिलाँग', पण त्याच्यावर काट मारलेली.

त्या काटेची हकिकत चाची सांगायच्या, कारण चाचा सांगत नसत. जहाजावरच्या एका जुन्या दोस्तानं तिकडच्या डोंगरातलं थंड हवेचं एक ऑर्किड पाठवलं. पनवेलचा एप्रिल म्हणजे काय ते मी सांगायला नको. चाचांनी रोज मच्छीबाजारातून बर्फाची लादी आणून झाडाखाली ठेवायला सुरुवात केली. महिनाभर आख्ख्या गच्चीला बोंबलांचा वास. मांजरं चौफेर बसून राहायची. शेवटी झाड मेलंच. "तीन दिवस जेवले नाय," चाची म्हणायच्या, "माझी आई गेली तेव्हा दोन टायम जेवले होते!" त्यानंतर त्यांनी थंडीतलं झाड पुन्हा आणलं नाही. ज्याला त्याचं गाव देता येत नाही त्याला घरी आणायचं नाही, हा नियम. कुणी फुकट दिलं तरी परत करायचे. देणारा नाराज व्हायचा, तर होवो.

आंबोलीचा प्रकार याहून और. तिथे एसटी थांब्याजवळ एक चहावाला आहे, त्याच्याकडे फोन होता. चाचा मे महिना लागला की रोज सकाळी खालच्या फोनवरून त्याला फोन करत. मी कामाला निघताना जिन्यात उभी राहून ऐकायची.

"पनवेलवरनं बोलतो. पडतोय? ... किती? ... उभा का आडवा?"

आडवा असेल तर खोडं भिजतात, उभा असेल तर नुसती पानं, असं चाचांचं शास्त्र. उत्तर आलं की वर जाऊन तेवढंच पाणी. तिकडे उघडीप असेल आणि इकडे पनवेलला धो धो कोसळत असेल, तर हा माणूस पावसात भिजत, झाडं भिजू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लास्टिक धरून उभा! समोरच्या बिल्डिंगमधली मुलं खिडकीत जमायची. एकदा तो चहावाला मुंबईला जाताना मुद्दाम पनवेलला उतरला, पत्ता काढत आला. म्हणाला, "दहा वर्सां पाऊस इचारता. म्हटलं बघून येवया, माणूस येडो आसा की सरकारी." चाचींनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

माणसांनाही चाचा त्याच मापानं मोजायचे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मला खोकल्यानं धरलं, अंगावर चट्टे उठले. डॉक्टरकडे जाऊन आले तर खोलीत टेबलफॅन येऊन बसलेला. हा फॅन झाडांचा होता. जुलैत हवा कोंडली की मुळं कुजतात म्हणून गच्चीवर तो दिवसभर घरघरत असायचा, आणि बाकीचे भाडेकरू त्यावरून जळायचे. "कोरड्या मुलखातलं झाड तू," चाचा दारातूनच म्हणाले, "औषध घे, घे. पन हवा खेळती ठेव." खोकला औषधानं गेला की फॅननं ते देवाला ठाऊक. पण घर सोडून आल्यावर पहिल्यांदाच, मला काय सोसतं आणि काय नाही, हे कुणीतरी बघत होतं.

आता मनिलावालीचं सांगते. 

'मनिला' कोपऱ्यात तशी सात-आठ झाडं होती, पण मनिलावाली एकच. लग्नानंतर चाचा पहिल्यांदा जहाजावरून परत आले तेव्हा बायकोसाठी तीच घेऊन आले होते. चाची सांगायच्या, "लोकांचे नवरे सोनं घेऊन आले, सेंट घेऊन आले. ह्यांनी काय आनलं? वाळकी काठी! माझी सासूपन हसली." ती वाळकी काठी पुढच्या शिमग्याला फुलली. पान एक नाही, उघड्याबोडक्या लोंबत्या काठीला वरपासून खालपर्यंत जांभळी फुलं, आणि वास असा की जिन्यात कुणी रासबेरीचा सोडा सांडलाय. तेव्हापासून चाची दर वर्षी तिची वाट बघायच्या.

फुलण्याची अट मात्र कडक. तिच्या मुलखात पावसाळ्यानंतर चार महिने थेंब पडत नाही, म्हणून इथेही नाही. दिवाळीचे दिवे विझले की पाणी बंद. चाचा याला मनिलावालीचा रोजा म्हणायचे. त्यावर चाचींचं ठरलेलं, "रोजा सांजेला सुटतो हो! हा कसला रोजा, चार-चार महिने उपाशी?" पानं पिवळी पडून गळायची, काठ्या सुरकुतायच्या, आणि मग फाल्गुनात त्याच काठ्यांवर कळ्या.

चाचींना साखरेचा आजार होता, त्यात नजर चाललेली. मी राहायला गेले तेव्हा त्यांना सावल्या दिसायच्या. माझ्या पावलांवरून मी थकून आलेय की चिडून, हे ओळखायच्या. माझ्या चौथ्या वर्षी, दिवाळी झाल्या झाल्या, शेवटचा उपाय म्हणून डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला न्यायचं ठरलं. दोघं तिथे नातेवाइकांकडे दोन महिने राहणार होते. गच्ची माझ्या हवाली झाली. चाचांनी एका पुठ्ठ्यावर सगळं लिहून दिलं. आंबोलीला किती, कधी. आणि खाली, अक्षर मोठं करून: 'मनिलावालीला पानी नाय. कितीपन वाईट वाटलं तरी नाय.'

ते शेवटचं वाक्य त्यांनी मला ओळखूनच लिहिलं होतं. तरीसुद्धा मी पाणी घातलं.

का घातलं? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत माणसं रांगेत उभी असायची, आणि तरी माझी आई तांदूळ धुतलेलं पाणी टाकून देत नसे. ते तुळशीला, भांडी विसळलेलं पपईला. तहानलेलं झाड दारात उभं असताना आपण पाणी प्यायचं म्हणजे पाप, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की त्याला विचार लागत नाही. डिसेंबर संपता संपता मनिलावालीचं शेवटचं पान गळालं. काठ्या आजीच्या हातांसारख्या दिसायला लागल्या. मी चार दिवस तोंड फिरवून गेले. पाचव्या दिवशी, गुरुवार होता, अर्धा तांब्या घातलाच. काही बिघडलं नाही. मग पुढच्या गुरुवारी. मग दर गुरुवारी. तिसऱ्या आठवड्यात काठीच्या पेरांवर हिरवे ठिपके फुटले आणि मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं कळ्या! मी कारखान्यात चारजणींना सांगितलं की आमच्या चाचांचं झाड मी यंदा लवकर फुलवलं.

दोघं परत आले ते ऑपरेशन वाया गेल्याची बातमी घेऊन. नसच सुकली होती, कुणाचा इलाज नव्हता. सावल्याही गेल्या. चाची हसून म्हणाल्या, "आता काय, नाकावर जगायचं. मनिलावाली येऊ दे माझी."

चाचा गच्चीवर गेले. मी मागोमाग, शाबासकी घ्यायला. त्यांनी काठी हातात धरली, ते हिरवे ठिपके बघितले. आता त्यांना इवली पानं फुटली होती. उपड्या बादलीवर बसले आणि विचारलं, "किती वेळा?"

"दर गुरुवारी. अर्धा तांब्या."

"कळ्या नाय त्या," ते म्हणाले. "पिल्लं हायत. उपाशी ठेवली की फुलते, पानी घातलं की पिल्लं काढते. यंदा फूल नाय येनार."

मला शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. ते उठले, पुठ्ठा दोरीवरून काढला, घडी करून खिशात ठेवला आणि खाली गेले.

फाल्गुन लागला. चाची रोज सकाळी खिडकीशी बसून विचारायच्या, "वास येत नाय अजून. फुलली का हो?" आणि चाचा म्हणायचे, "वेळ हाय अजून." झाडांच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोललेला मी पाहिला नव्हता. विकायला बसलेल्या नर्सरीवाल्याच्या तोंडावर "हे मरनार" म्हणून मोकळा होणारा माणूस! तो माझ्यामुळे रोज सकाळी आंधळ्या बायकोशी खोटं बोलत होता. पंधरा दिवस मी हे जिन्यातून ऐकलं. सोळाव्या दिवशी ऐकवेना. कामावर निघालेली तशी डबा हातात घेऊन आत शिरले आणि सांगून टाकलं.

"चाची, वेळबीळ काही नाही. मी पाणी घातलं. नको म्हणून लिहून दिलं होतं तरी घातलं. यंदा फुलणार नाही, पिल्लं आलीत." आणि मी तिथेच ढसाढसा रडायला लागले.

चाचा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. चाचींनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाल्या, "पिल्लं म्हंजे?"

"म्हणजे... काठीवर छोटी झाडं. तिचीच."

"आना खाली. हात लावू दे."

मनिलावाली त्या दिवशी पहिल्यांदा गच्चीवरून खाली आली. चाचांनी टोपली चाचींच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं काठीवरून हळूहळू खाली सरकत गेली. एकेक पिल्लू, त्याची दोन पानं, दोऱ्याएवढी मुळं. एक, दोन, करत पाचव्यावर आल्या आणि थांबल्या. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात हा विषय मी कधी निघालेला ऐकला नव्हता.

"पाच!" चाची म्हणाल्या. मग नवऱ्याच्या दिशेनं तोंड करून, "तुमाला म्हाईत होतं, हिला पोरं होतात?"

"होतं."

"मंग इतकी वर्सं?"

चाचा लुंगीचं टोक बोटाला गुंडाळत होते. "तू फुलं मागायचीस," ते म्हणाले.

चाची हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. "अल्ला! काय मानूस माझ्या नशिबी घातलास! फुलं मागितली म्हनून पोरं होऊ दिली नाय! आनि ही मंगळवेढा बघा, आली नि सुईण झाली!" हात चाचपत त्यांनी माझा हात धरला आणि डब्यासकट ओढून मला शेजारी बसवलं. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

पुढचे दोन महिने त्या घरात लगीनघाई. पाच पोरींची पाच स्थळं चाचींनी ठरवली. एक घरी ठेवायची. एक उरणच्या भाचीला. एक आंबोलीच्या चहावाल्याला, कारण "इतक्या वर्सांचा पाहुना हाय". एक मच्छीबाजारातल्या बर्फवालीला, यावर चाचा म्हणाले की तिकडे सावली नाही, तर त्यांना गप्प बसवण्यात आलं. आणि एक मला. पिल्लांना पुरेशी मुळं सुटली तेव्हा चाचांनी ती नखानं अलगद सोडवली. चाचींनी आपल्या जुन्या ओढणीचे तुकडे फाडले, एकेक पिल्लू गुंडाळलं आणि प्रत्येकाबरोबर चिमूटभर तांदळाची पुरचुंडी बांधली. "पोरीला मोकळ्या हातानं धाडायची नाय," म्हणाल्या.

त्याच श्रावणात चाची गेल्या. तो वास त्यांना पुन्हा मिळाला नाही.

हे माझ्या मनातून जाईना. शेवटच्या फाल्गुनात त्यांना नाकाशिवाय काही उरलं नव्हतं, आणि तेवढंही मी हिरावून घेतलं. लोकांची ये-जा ओसरल्यावर मी एकदा गच्चीवर चाचांना तसं म्हटलंही. ते आंबोली कोपऱ्यातलं शेवाळ खरवडत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"फुलं तिला लय वर्सं मिळाली," म्हणाले. "पोरी एकदाच मिळाल्या. मी तर दिल्याच नसत्या. माझी शिस्त मोठी ना!" मग खरवडणं थांबवून माझ्याकडे बघितलं. "तू रडू नको, मंगळवेढा. तुझ्या गावचा गुन तो. पानी दिसलं की द्यायचं. मी तुला गाव विचारूनच घरात घेतली होती."

माणूस मला माफ करत होता की माझं कौतुक करत होता, ते मला त्या दिवशी कळलं नाही. आज कळतं की त्यांना त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नव्हत्या. माझ्या आयुष्यात मोठ्या पदव्यांची माणसं आली, चुका दाखवणारी तर पैशाला पासरी. माझी चूक ओंजळीत घेऊन तिचं काय काय झालं हे मला दाखवणारा हा एकच.

पुढे माझं लग्न झालं, मी रोडपालीला आले. ओढणीतली पोर माझ्याबरोबर आली. खिडकीच्या ग्रिलला पूर्वेकडे टांगली. पहिली दोन वर्षं ती नुसती वाढली. तिसऱ्या दिवाळीला, दिवे विझल्यावर, मी पाणी बंद केलं. नवरा म्हणाला, "अगं, मरतंय ते." सासूबाई म्हणाल्या, "पाप लागेल." मी पुठ्ठा लिहून ग्रिलला बांधला, 'पानी नाय', चाचांच्याच स्पेलिंगमध्ये. फाल्गुनात घरात रासबेरीचा सोडा सांडला.

तोवर चाचांचं घर बिल्डरकडे गेलं होतं. ते तळोज्याला पुतण्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते, सातव्या मजल्यावर. झाडं सगळी वाटून टाकलेली. खिडकी उघडली की कारखान्याचा वास, म्हणून ती बंदच. "हे कुनाचंच गाव नाय," म्हणाले, "इथं झाड आनायचं नाय." नियम तो नियम. मी मात्र रिक्षातून फुललेली टोपली मांडीवर घेऊन गेले होते. पाहुणी म्हणून आणलीय, संध्याकाळी परत नेईन, असं वचन दिल्यावर त्यांनी ती आत येऊ दिली.

चाचांनी डोळे मिटले आणि नाक फुलांपाशी नेलं. तसेच बसून राहिले. पुतण्याची बायको चहा घेऊन आली आणि ठेवून गेली. चहावर साय धरली.

"पानी कधी बंद केलंस?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"दिवाळीला."

"मधे घातलंस?"

"एक थेंब नाही."

"वाईट वाटलं?"

"फार."

त्यांनी मान डोलावली. झाडांबद्दल मला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. मग डोळे उघडून काठीच्या पेरांवरून बोट फिरवलं, चाचींनी फिरवलं होतं तसंच, वरून खाली.

"शिकलीस," म्हणाले. "आता एक साल मुद्दाम चूक."

त्या पावसाळ्यात चाचा गेले. दिवाळी आली, दिवे लागले, विझले. सासूबाईंनी आठवणीनं पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला, बांध म्हणाल्या. मी तो घडी करून कपाटात ठेवला. गुरुवार आला तसा अर्धा तांब्या भरला आणि खिडकीपाशी जाऊन, चांगलं समजून उमजून, चुकले.